रुपयाची कळ

वाचकहो, घरात एखादी नवी वस्तू येते तेव्हा ती एकटी येत नाही. तिचे मानपानही तिच्याबरोबर येते. शीतकपाट आणावे तर त्याला भिंतीपासून वीतभर अंतर हवे. शिवणयंत्र आणावे तर त्याला वेळोवेळी तेल हवे. गेल्या पावसाळ्यात आमच्या बंगळूरच्या घरी संगणकाचा एक कळफलक आला. वस्तू म्हणाल तर हातभर लांब आणि वजनाने थोडी जड, इतकेच. पण तिच्यावरील एका कळेचे मानपान पुरवता पुरवता माझी एक रात्र अशी गेली की ती मी सहसा विसरणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता संगणक आहे, म्हणून ही हकीकत आपल्या कानांवर घालावी असे वाटले.

माझा व्यवसाय भाषांतराचा. दिवसाकाठी सहा-सात तास बोटे चालतात. मांडीवरच्या संगणकाच्या कळा चपट्या. त्यांच्यावर बोट आपटते ते थेट तळाला. दोन वर्षांनी उजव्या हाताच्या बोटांत कळा येऊ लागल्या. (एकाच शब्दात यंत्राचे अवयव आणि बोटांचे दुखणे अशी दोन्हींची सोय मराठीने करून ठेवली आहे, याचे कौतुक मला त्या दिवसांत फारसे वाटत नव्हते.) फोनवर बोलताना ही गोष्ट एकदा आप्पांजवळ निघून गेली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, बेळगावात असतात. एका बँकेत बत्तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. डोळे तपासून घेण्यासाठी ते राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी, मी कार्यालयात असताना, शेजारच्या मुलाला बरोबर घेऊन सदर पत्रप्पा रस्त्यावर गेले. बंगळूरची मंडळी या रस्त्याला एस. पी. रोड म्हणतात. विजेच्या आणि संगणकाच्या सुट्या भागांची ही मोठी पेठ. तिथल्या अरुंद गल्लीत खांद्याला खांदा लावून चालावे लागते, आणि दोन पावलांवर एक दुकान असते. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा टेबलावर एक लांबट खोके होते आणि आप्पा त्याच्याकडे पाठ करून, जणू त्याचा आपला काही संबंध नाही अशा थाटात, वर्तमानपत्र वाचत होते.

तो यांत्रिक कळफलक होता. साध्या कळफलकात सगळ्या कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र खटका असतो. कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाऊ शकते, परंतु अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटते आणि त्याच क्षणी ‘खट्’ असा आवाज होतो. त्यामुळे बोटाला तळ गाठावा लागत नाही; काम झाल्याची वर्दी कानच देतो. बँकांच्या आणि रेल्वे-आरक्षणाच्या खिडक्यांपलीकडे असे कळफलक आपण पुष्कळदा ऐकले असतील. आप्पांची नोकरीतली शेवटची काही वर्षे याच आवाजात गेली होती. पहिले पान टंकून होताच मला त्यातला फरक कळला. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला तो मराठीचा खास अर्धा र, ज्यासाठी इनस्क्रिप्ट पद्धतीत शिफ्टसह जे दाबावे लागते, तोही विनासायास उमटला.

“ते राहू दे,” आप्पा म्हणाले. “ही कळ बघितलीस काय?”

त्या कळफलकावर रुपयाच्या चिन्हाची एक स्वतंत्र कळ होती. आप्पांनी जन्मभर ‘रु.’ लिहिले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी नवे चिन्ह मान्य केले तेव्हा ते वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन बँकेत गेले होते आणि डी. उदयकुमार नावाच्या तरुणाने देवनागरी र आणि रोमन आर यांचा मेळ कसा घातला, वरच्या दोन आडव्या रेघांतली एक शिरोरेघेसारखी कशी दिसते, हे त्यांनी सहकाऱ्यांना फळ्यावर काढून दाखवले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत चिन्हाला जागा मिळाली आणि ते जगभरच्या संगणकांवर उमटण्याचा मार्ग मोकळा झाला. कळफलकाची निवड आप्पांनी या एका कळेवरून केली होती. योगायोग असा की त्या वेळी मी घरखर्च आणि अल्पबचत या विषयावरील एका पुस्तिकेचे भाषांतर करीत होते, आणि तिच्यात दर दुसऱ्या ओळीत रुपयाचे चिन्ह होते.

मी ती कळ दाबली. ‘खट्’ असा आवाज झाला. पडद्यावर काहीच उमटले नाही.

आप्पांचा चष्मा नेमका पुसायचा होता, म्हणून त्यांनी ते पाहिले नाही. मी म्हटले, “छान आहे.” या एका लहानशा असत्यापासून पुढचे सारे घडले.

इथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे. आजचा कोणताही कळफलक संगणकाला जोडला की चालू लागतो, कारण कळफलकाने संगणकाशी कोणत्या भाषेत बोलावे हे ठरून गेलेले आहे आणि ती भाषा जाणणारा दुभाषा विंडोजमध्ये आधीपासून बसवलेला असतो. अशा दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. परंतु उत्पादकाने नेहमीच्या कळांखेरीज एखादी आगळी कळ बसवली तर ती दाबल्यावर काय करायचे हे त्या दुभाष्याला ठाऊक नसते. उत्पादकाला आपला दुभाषा वेगळा द्यावा लागतो. आमच्या खोक्यात तशी एक तबकडी होती. माझ्या संगणकाला तबकडी घालण्याची खाचच नाही. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तोच ड्रायव्हर उतरवून घेतला, आणि तो बसवू लागताच विंडोजने नकार दिला: या ड्रायव्हरवर ग्राह्य अशी अंकीय स्वाक्षरी नाही.

ही स्वाक्षरी म्हणजे शाईने केलेली सही नव्हे. ड्रायव्हर तयार करणारा आपल्या फाइलीचे गणिताने एक लहानसे सार काढतो. फाइलीतला एक ठिपका बदलला तरी ते सार पार बदलून जाते. ते सार तो आपल्या गुप्त किल्लीने बंद करून फाइलीला जोडतो. तिची जोडकिल्ली सर्वांसाठी खुली असते. तिने ते उघडले आणि फाइलीशी ताडून पाहिले की दोन गोष्टी सिद्ध होतात. फाइल अमक्याचीच आहे, आणि वाटेत तिला कोणी हात लावलेला नाही. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा स्वाक्षरीला कागदावरील सहीइतकी मान्यता दिली. कित्येक सरकारी दाखले आज तिच्या आधारेच आपल्या हाती पडतात.

ड्रायव्हरच्या बाबतीत संगणक इतका काटेकोर का? साधा प्रोग्रॅम हा ओसरीवर बसणारा पाहुणा आहे; त्याने गैरवर्तन केले तर त्याला उठवता येते. ड्रायव्हर मात्र पुष्कळदा थेट माजघरात, यंत्रणेच्या गाभ्यात शिरतो. तिथून त्याला सारे दिसते. कळफलकाच्या ड्रायव्हरला तर आपण दाबलेली प्रत्येक कळ दिसते. बँकेचा परवलीचा शब्दही त्यात आला. पूर्वीच्या विंडोजमध्ये स्वाक्षरी नसली तर केवळ इशारा मिळे, आणि ‘तरीही बसवा’ असे म्हणता येई. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरला स्वाक्षरीवाचून प्रवेश बंद झाला. २०१६ पासून नियम आणखी कडक झाले, आणि अशा नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी लागू लागली. आमचा ड्रायव्हर जुन्या, सैल दिवसांतला असावा.

अर्थात स्वाक्षरी म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. २०१० साली स्टक्सनेट नावाचा संगणक-किडा उघडकीस आला. इराणमधील नतांझ येथे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे बिघडवणे हे त्याचे काम. त्याच्या ड्रायव्हरांवर तैवानमधील रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या स्वाक्षऱ्या होत्या. त्यांची प्रमाणपत्रे चोरून त्या केलेल्या होत्या. तेव्हा सही असलेला प्रत्येकजण साव असतोच असे नाही. परंतु सहीच नसलेला कोण आहे हे मुळी कळण्याचाच मार्ग नसतो.

वाचकहो, हे सारे मी आज शांतपणे लिहीत आहे. त्या आठवड्यात यातले निम्मेअधिक मी वाचलेही होते. तरी थांबले नाही. आप्पा रोज संध्याकाळी विचारीत, “रुपया चालतोय ना?” मी होकार देई. रविवारी ते परत जाणार होते, आणि जाण्यापूर्वी त्यांना स्वतः ती कळ दाबून बघायची होती. आपल्या पेन्शनमधून त्यांनी ती वस्तू घेतली होती. तिची नेमकी तीच कळ मुकी आहे हे त्यांना सांगण्याचे माझ्याच्याने होईना.

शुक्रवारी रात्री मी दुकानातल्या मुलाला फोन केला. मुलगा मोठा तत्पर. कानडीत तो म्हणाला, अक्का, दोन मार्ग आहेत. संगणक सुरू होताना एका विशिष्ट यादीत जाऊन ७ आकडा दाबला तर स्वाक्षरीची तपासणी बंद होते. पण ती फक्त तेवढ्या वेळेपुरती, पुन्हा सुरू केला की पुन्हा पहारा बसतो. कायमचा इलाज हवा असेल तर आपणच एक प्रमाणपत्र तयार करायचे, त्याने आपणच त्या ड्रायव्हरवर सही करायची, आणि विंडोजला चाचणीच्या अवस्थेत ठेवायचे, म्हणजे ती घरगुती सहीसुद्धा चालते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरे दिसत राहतील, तेवढीच. मात्र त्यासाठी आधी ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा बंद करावा लागेल.

घरच्या घरी शिक्का कोरून आपल्याच कागदावर उठवायचा! हे ऐकतानाच मी फोन ठेवायला हवा होता. परंतु रात्रीचे साडेदहा झाले होते, आप्पा निजले होते, आणि मला ते काम उरकायचे होते. मुलाने सांगितले तसे मी संगणकाच्या मूळ मांडणीत शिरले, सिक्युअर बूट बंद केले आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

पडदा निळा झाला. त्यावर बिटलॉकर हे नाव होते, आणि ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली टंका, अशी आज्ञा होती.

मला अशी कोणतीही किल्ली ठाऊक नव्हती. माझ्या संगणकाला कुलूप आहे हेही ठाऊक नव्हते. मुलाला पुन्हा फोन केला, तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “अक्का, मग सगळे पुसून नव्याने विंडोज घालावे लागेल.” त्या संगणकात पुस्तिकेची अकरा प्रकरणे होती. पहिली दोन कार्यालयात पोचली होती. उरलेली नऊ, तीन महिन्यांचे काम, आणखी कुठेही नव्हती. मंगळवारी ती छापखान्यात जायची होती. त्याखेरीज आईच्या शेवटच्या दिवाळीची छायाचित्रे होती. फोनमधून काढून ती मी इथे ठेवली होती, आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून तिथली पुसून टाकली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. पाहुण्यांच्या खोलीतून आप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता. एका कळेसाठी मी काय केले होते ते तेव्हा मला नीट दिसले.

अकरा वाजून गेल्यावर एका सहकाऱ्याला फोन करणे सभ्यपणाचे नव्हते, पण केला. हे गृहस्थ आमच्या कार्यालयातले संगणक सांभाळतात. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “शेवटी काय बदलले?” मी सांगितले. “मग ते होते तसे करा.”

मी पुन्हा मूळ मांडणीत गेले, सिक्युअर बूट चालू केले, यंत्र सुरू केले. माझा नेहमीचा पडदा उघडला. नऊही प्रकरणे जागच्या जागी होती. छायाचित्रे मी एकेक उघडून पाहिली.

नंतर त्यांनी कारण सांगितले. अलीकडच्या पुष्कळ संगणकांत साठवलेला मजकूर आपोआप कुलूपबंद केला जातो, आणि त्या कुलपाची किल्ली यंत्रातच एका लहानशा चिपमध्ये असते. यंत्र सुरू होताना पहारा नेहमीसारखा आहे असे दिसले तरच ती चिप किल्ली पुढे करते. मी पहारेकऱ्याला घरी पाठवले. तिने घरात चोर शिरला असे समजून किल्ली मुठीत ठेवली. पहारेकरी परत आला तेव्हा मूठ उघडली. त्या ४८ आकड्यांची प्रत बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि फोनवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. माझी तिथेच होती. ज्यांच्या घरी असा संगणक आहे त्यांनी ती आजच शोधावी आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट करून कागदावर उतरवून ठेवावी. माझा कागद आता शिधापत्रिकेच्या पाकिटात आहे. आणि छायाचित्रांची दुसरी प्रत काढली आहे, हे वेगळे सांगायला नकोच.

फोन ठेवण्यापूर्वी सहकाऱ्याने विचारले, “पण तो ड्रायव्हर तुम्हाला कशासाठी हवा होता?”

“रुपयाच्या चिन्हासाठी.”

पलीकडे थोडी शांतता पसरली. मग ते म्हणाले, “उजवी आल्ट दाबून धरा आणि ४ दाबा.”

काहीच झाले नाही. माझ्या संगणकात इंग्रजी कळफलकाचा प्रकार ‘अमेरिका’ असा निवडलेला होता. त्यांच्या सांगण्यावरून तो ‘भारत’ असा केला. पुन्हा उजवी आल्ट आणि ४. चिन्ह उमटले. विंडोजमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. तिला तबकडी लागत नाही आणि कोणाची सहीही लागत नाही. मराठी मजकुरात विंडोज-कळ आणि स्पेस दाबून क्षणभर इंग्रजीत जायचे, चिन्ह उमटवायचे आणि परत यायचे, एवढाच काय तो द्राविडी प्राणायाम.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी मी आप्पांना सारे सांगितले. कळ मुकी आहे हेही सांगितले. ते रागावतील किंवा खट्टू होतील असे वाटले होते. ते फक्त ऐकत राहिले आणि मग बँकेतल्या नमुना-सहीच्या कार्डांविषयी बोलू लागले. धनादेश आला की खातेदाराचे कार्ड काढायचे, सही ताडून पाहायची, आणि जुळली नाही तर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत पाठवायचा. एकदा आमच्या गल्लीतल्या, घरोब्याच्या एका गृहस्थांचा धनादेश त्यांनी असाच परत केला होता. मुलीच्या लग्नाची घाई, हात थरथरत होता, सही वाकडी झाली. ते गृहस्थ स्वतः काउंटरसमोर उभे होते. तरी आप्पांनी त्यांना बाकावर बसवले, पाणी दिले आणि पुन्हा सही करायला लावली. पुढे दोन महिने ते आमच्याशी बोलले नाहीत.

“माणूस समोर होता, तरी मी घेतला नाही,” आप्पा म्हणाले. “तू तर न बघितलेल्याचा घेत होतीस. तेही माझ्यासाठी.” इतके बोलून त्यांनी बशीत चहा ओतला.

मग ते टेबलाशी येऊन बसले. उजव्या हाताच्या अंगठ्याने आल्ट आणि डाव्या हाताच्या तर्जनीने ४, असे त्यांनी चार-पाच वेळा करून पाहिले. प्रत्येक वेळी चिन्ह उमटले आणि प्रत्येक वेळी दोनदा ‘खट्’ झाले. त्यांना ते आवडले असावे, कारण नंतर त्यांनी आपल्या पेन्शनचा आकडा टंकला, त्याच्यामागे चिन्ह घातले आणि स्वल्पविराम योग्य जागी पडला आहे की नाही हे चष्मा वर करून पाहिले.

रविवारी रात्री त्यांना स्टेशनवर पोचवून मी परत आले आणि राहिलेले प्रकरण टंकायला बसले. मुक्या कळेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक चौकोनी तुकडा नीट कापून लावलेला होता. त्यावर आप्पांच्या बारीक, खातेवहीतल्या अक्षरात लिहिले होते : ‘उजवी आल्ट + ४’.